आठ रुपयांचा हिशेब आणि कोरे रकाने

बेळगाव : साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कुटुंबे बेळगाव जिल्ह्यात उतरतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि तान्हे लेकरू फडाच्या कडेला पाचटावर. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव असते, इथल्या पटावर बहुतेक वेळा नसते. हंगाम चार-पाच महिन्यांचा. मोठ्या माणसाला तो काहीच नाही, पण दीड वर्षाच्या पोराचे पाव आयुष्यच त्यात जाते.

आणि नुकसान नेमके याच वयात होते. गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांत मेंदूची बांधणी सर्वांत वेगाने होते. तेव्हा अन्न कमी पडले, त्यात वरचेवर जुलाब झाले, तर उंची खुंटते. उंची नुसती दिसते म्हणून मोजतात. शिकणे, लक्ष देणे, पुढची कमाई यांनाही त्याच काळात खीळ बसते.

याचा पुरावा ग्वाटेमालातून आला. तिथल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात प्रयोग झाला. दोन खेड्यांतल्या मुलांना प्रथिनयुक्त पेज दिली, दोन ठिकाणी नुसते गोड पेय. तीसेक वर्षांनी तपासले, तर पहिली दोन वर्षे पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी मजुरी ४६ टक्के जास्त निघाली. तिसऱ्या वर्षानंतर पेज मिळालेल्यांत असा फरक दिसला नाही.

आपल्याकडे अंगणवाडीत रोज येऊन बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. त्याखालच्यांना आहार घरी नेऊन देतात आणि तो अख्ख्या घरात वाटला जातो, हे सेविकाही सांगतील. २०१७ साली ठरलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरले तर सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत एका मुलाचा खर्च ३६०० रुपये. एवढ्यात एक टन ऊस येतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील खुंटलेली मुले कर्नाटकात ३५.४ टक्के, महाराष्ट्रात ३५.२. सीमेवरून दोन्ही राज्ये कितीही भांडोत, इथे बरोबरी आहे. गोवा २५.८ वर, पण आधीच्या सर्वेक्षणात तिथे २०.१ होते. म्हणजे बरा असलेलाही घसरला.

पोषण ट्रॅकरवर नोंद दुसऱ्या गावी हलवता येते. पण ती हलवायची तर कुटुंब कुठे चालले हे निघताना कुणीतरी विचारायला हवे, आणि फडाजवळच्या सेविकेने कोप्यांवर फेरी मारायला हवी. उचल देताना मुकादम माणसे मोजतो, लेकरे नाही. हंगाम संपला की पोर गावी परतते, पुन्हा वजन होते, आणि वहीतले मधले रकाने कोरेच राहतात.