गुरुवारची सुट्टी आणि शुक्रवारचा सिनेमा

'मराठी माणूसच मराठी सिनेमा बघत नाही' हे वाक्य आता म्हणीसारखं झालंय. निर्माता पत्रकार परिषदेत म्हणतो, नट मुलाखतीत म्हणतो, पुढारी मल्टिप्लेक्ससमोरच्या आंदोलनात म्हणतो. म्हणी खोट्या ठरवायला फार कष्ट लागत नाहीत. ज्याच्याबद्दल बोलताय त्याचं वेळापत्रक एकदा बघायचं, बस.

भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेच्या भाराची विभागणी म्हणून ही औद्योगिक सुट्टी ठरली आणि आता ती इथल्या जगण्याचा भाग झालीय. लग्नाची खरेदी गुरुवारी, दवाखाना गुरुवारी, मुलाच्या शाळेत बाईंना भेटायचं तेही गुरुवारी. सिनेमा मात्र शुक्रवारी लागतो. मराठी सिनेमा असेल तर पहिले तीन दिवस त्याला दोन-तीन खेळ मिळतात. सोमवारी गर्दी दिसली नाही की एक खेळ उरतो, तोही सकाळी अकराचा किंवा दुपारचा. गुरुवार उजाडेपर्यंत तो आठवड्याच्या शेवटच्या दिवसाला टेकलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी नवा शुक्रवार येतो. म्हणजे ज्या शहराला आपण अभिमानाने कामगारनगरी म्हणतो, तिथल्या कामगाराला मराठी सिनेमा बघायला आठवड्यातून एक दिवस मिळतो, आणि त्या दिवशी सिनेमा जायच्या तयारीत असतो. त्यात चौघांच्या कुटुंबाचं तिकीट, पार्किंग आणि पोरांचा पॉपकॉर्नचा हट्ट धरला की हजार रुपये पुरत नाहीत. कंत्राटी कामगाराने कुठल्या हिशेबातून ते काढायचे?

यावर सरकारचं उत्तर काय? 2015 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने जाहीर केलं की मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी सिनेमा दाखवावा. दोन दिवस गदारोळ झाला, मग ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली गेली. दुपारी बाराचा खेळही 'प्राइम टाइम' ठरला आणि विषय मिटला. दुपारी बाराला पहिल्या पाळीचा माणूस मशीनवर असतो आणि रात्रपाळीचा झोपलेला असतो.

दुसरं उत्तर अनुदानाचं. दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी अर्थसहाय्याची योजना आहे. 'अ' दर्जाला 40 लाख, 'ब' दर्जाला 30 लाख. चित्रपट पूर्ण होतो, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळतं, मग परीक्षण समिती तो बघते आणि गुण देते. अनुदानाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. छोट्या निर्मात्याला त्या पैशाने श्वास घेता येतो. माझा आक्षेप त्याच्या रचनेवर आहे. ही सगळी रचना पूर्ण झालेल्या चित्रपटाभोवती आहे. पटकथा लिहिणाऱ्याच्या हातात काही नसतं तेव्हा ती नाही, आणि सिनेमा तयार होऊन प्रेक्षकापर्यंत पोहोचायचा असतो तेव्हाही ती नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आपण नेहमी असे होतो असंही नाही. 1975 साली महाराष्ट्राने मराठी चित्रपटांसाठी करमणूक कर परताव्याची योजना आणली. प्रेक्षकाने तिकिटावर भरलेला कर निर्मात्याला परत मिळायचा, पण त्याने पुढचा मराठी चित्रपट काढावा म्हणून. पैशाची वाट प्रेक्षकाच्या खिशातून सुरू व्हायची आणि पुढच्या चित्रपटापाशी संपायची. दोष होतेच. परताव्यासाठी घाईघाईने उरकलेले सिनेमेही आले. पण प्रेक्षक त्या साखळीचा भाग होता. आजच्या अनुदानात थिएटर रिकामं होतं की भरलेलं, याचं महत्त्व समितीच्या गुणांपुढे कमी.

हीच साखळी फ्रान्सने अधिक शहाणपणाने बांधली. दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1946 साली, त्यांनी राष्ट्रीय चित्रपट केंद्र उभं केलं. आज तिथे प्रत्येक सिनेमा तिकिटावर 10.72 टक्के कर आहे आणि तो त्या केंद्राच्या निधीत जातो. दूरचित्रवाणी वाहिन्या आणि व्हिडिओ प्लॅटफॉर्मही भर घालतात. खरी गोम पुढे आहे. हा कर फक्त फ्रेंच सिनेमाच्या तिकिटावर नाही, हॉलीवूडच्या तिकिटावरही आहे. पॅरिसमध्ये सुपरहीरो उडाला की त्याच्या तिकिटातला वाटा एखाद्या फ्रेंच दिग्दर्शकाच्या पहिल्या सिनेमाला जातो. आपल्या 1975 च्या योजनेत मराठी सिनेमाचाच कर मराठी सिनेमाला परत मिळायचा, म्हणजे दुबळ्याच्या ताटातला घास दुबळ्याच्याच तोंडात. फ्रान्सने बलवानाच्या ताटातला घास घेतला. हॉलीवूडवर बंदी घातली नाही, काचा फोडल्या नाहीत, फक्त वाटा घेतला. त्यांच्या बाजारातली साधारण चाळीस टक्के तिकिटं आजही फ्रेंच सिनेमाची असतात.

आणि त्यांनी पैसा फक्त निर्मात्याला दिला नाही. शाळकरी मुलांना थिएटरात नेऊन सिनेमा दाखवण्याच्या योजना 1989 पासून माध्यमिक आणि 1994 पासून प्राथमिक वर्गांसाठी आहेत. 2014 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांचं तिकीट चार युरो ठरलं. डेन्मार्कच्या कायद्यात चित्रपट निधीचा चौथा हिस्सा मुलांच्या आणि किशोरांच्या चित्रपटांसाठी राखलाय. युरोपीय आयोगाने 2013 साली सरकारी मदतीचे नियम नव्याने लिहिले, तेव्हा त्यांची व्याप्ती पटकथेपासून थेट थिएटरपर्यंत नेली. सर्वसाधारणपणे मदत खर्चाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, पण अवघड चित्रपटांना आणि छोट्या भाषांना सूट, असा तो विचार आहे.

आता मला नेहमी ऐकवला जाणारा प्रश्न. 'सर, शाळांना छपरं नाहीत आणि तुम्ही सिनेमाला पैसे मागता?' मी शिक्षक आहे, छपराचं मला कोणी सांगू नये. पण मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. माझ्या वर्गात बीडहून आलेल्या ऊसतोड कुटुंबातलं पोर असतं, आझमगढहून आलेल्या वेल्डरची मुलगी असते. त्यांना व्याकरण मी शिकवू शकतो. पण मराठी ही फक्त परीक्षेची, तलाठ्याच्या कागदाची आणि कंपनीतल्या सुपरवायझरच्या शिवीची भाषा नाही, तिच्यात हसता-रडता येतं, हे मी एकटा फळ्यावर लिहून कसं पटवू? ते काम गोष्ट करते, गाणं करतं, सिनेमा करतो. हिंदी या मुलांना कुणी शिकवली? तेलुगूचं हिंदी भाषांतर झालेला सिनेमा मोबाइलवर फुकट मिळतो, त्याने शिकवली. मराठी सक्तीची करण्यावर आपण भांडतो, पण मराठी आवडीची करण्यावर पैसा लावत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सरकारने पैसा दिला की सरकार विषयही ठरवणार. खरं आहे, आणि युरोपातच त्याची उदाहरणं आहेत. पोलंडमध्ये 2023 साली अग्निएश्का हॉलंड यांच्या निर्वासितांवरच्या 'ग्रीन बॉर्डर' या चित्रपटावर तिथल्या मंत्र्यांनीच हल्ला चढवला आणि काही थिएटरांत त्याआधी सरकारची बाजू मांडणारी चित्रफीत दाखवायला लावली. हंगेरीत निधीच्या नाड्या सरकारच्या हातात गेल्याची तक्रार तिथले दिग्दर्शक वर्षानुवर्षं करतायत. आपल्याकडेही एखादा सिनेमा करमुक्त करा म्हणून मागणी कधी उठते आणि कुणासाठी उठते, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून निधी असावा आणि त्याची वाटणी मंत्रालयापासून हातभर लांब असावी. समितीवर कोण आहे, कोणाला किती दिलं, का नाकारलं, हे सगळं उघड असावं. धोका आहे म्हणून निधीच नको म्हणणं म्हणजे ठेच लागते म्हणून चालणं सोडणं.

इथे माझ्या वाचकांपैकी काहींच्या मनातला प्रश्न मीच विचारतो. मराठी सिनेमाला पैसा मिळो, पण त्यात आपण आहोत का? पडद्यावर आपण बहुतेकदा इतिहासातला शत्रू असतो, नाहीतर तिसऱ्या अंकात दोस्तासाठी जीव देणारा चाचा. बोलणं ठरलेलं, 'हम आया, तुम गया'. खेड, मावळ, जुन्नरच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा मुसलमान या पडद्याला माहीतच नाही. राजन खान यांच्या कथेवरचा 'हलाल' आठवतो, पण असे सिनेमे बोटांवर मोजण्याइतकेच.

तरीही मी राखीव जागा मागणार नाही. मी इतिहास दाखवीन. चाकणहून जवळ इंद्रायणीकाठी देहू आहे, आळंदी आहे. या दोन गावांच्या संतांवरचे मराठीतले सगळ्यात गाजलेले सिनेमे पुण्याच्या प्रभातने काढले. 1936 चा 'संत तुकाराम', ज्याचा 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, आणि 1940 चा 'संत ज्ञानेश्वर'. दोन्हींचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. कोल्हापूरचे साहेबमामा फत्तेलाल! देहूच्या वाण्याला आणि आळंदीच्या ज्ञानोबाला पडद्यावर आणण्यात एका मुसलमानाचा निम्मा हात होता, आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, पाकिस्तानचा ठराव ताजा असताना, प्रभातने 'शेजारी' काढला. त्यात मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त मिर्झा तेच होते, आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. इतकी समज मराठी पडद्याला 1941 साली होती. ती पुन्हा हवी असेल तर नव्या माणसांना पटकथेच्या टप्प्यावरच दार उघडावं लागेल.

हे दार आज कोण उघडतंय बघा. कामगार शाहिरावरच्या खटल्याची गोष्ट सांगणारा चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' लिहिला जात असताना त्याला नेदरलँड्सच्या रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीची मदत मिळाली. 2024 मध्ये कानला ग्रां प्री मिळवणारा पायल कपाडियांचा चित्रपट, ज्यात मुंबईतल्या परिचारिका आहेत आणि रत्नागिरीची पार्वती मराठी बोलते, तो फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग यांच्या भागीदारीत झाला. आपल्या कष्टकऱ्यांच्या गोष्टीवर परक्या देशाचा पैसा विश्वास ठेवतो आणि आपण पुरस्कार मिळाला की अभिनंदनाचे फलक लावतो.

मग करायचं काय? दूर जायची गरज नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेची नाट्यगृहं मोजा. संत तुकारामनगरला आचार्य अत्रे, प्राधिकरणात ग. दि. माडगूळकर, पिंपळे गुरवला निळू फुले. अत्र्यांनी 'श्यामची आई' काढला, गदिमांनी पटकथा आणि गाणी लिहिली, निळूभाऊंनी पडदा गाजवला. नावं सिनेमावाल्यांची, पण आत नाटक, मेळावे, पारितोषिक वितरण. भोसरीत अंकुशराव लांडगे आणि चिंचवडला रामकृष्ण मोरे ही आणखी दोन सभागृहं आहेतच. या पाचांत चांगले डिजिटल प्रोजेक्टर बसवा आणि दर गुरुवारी मराठी सिनेमा लावा. एक खेळ सकाळी रात्रपाळीवाल्यांसाठी, एक संध्याकाळी कुटुंबासाठी. तिकीट पन्नास रुपये. शाळांसाठी वर्षातून चार सिनेमे मोफत, मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी सगळ्या माध्यमांना. केरळचं चित्रपट विकास महामंडळ तिरुवनंतपुरममध्ये स्वतःची थिएटरं चालवतं. तेही महामंडळ 1975 चंच. आपल्याला काय धाड भरलीय?

पैसा कुठून येणार? जीएसटी आल्यावर राज्याचा करमणूक कर गेला, पण राज्यघटनेने स्थानिक संस्थांना तो लावायची मुभा ठेवलीय. तामिळनाडूत 2017 पासून स्थानिक संस्थांचा करमणूक कर आहे. कर्नाटकाने 2024 मध्ये सिने आणि सांस्कृतिक कलावंतांच्या कल्याणासाठी तिकिटांवर उपकराचा कायदा केला. महाराष्ट्राने कायदा करून महापालिकांना शंभर रुपयांवरच्या प्रत्येक तिकिटामागे पाच रुपये घेऊ द्यावेत, सिनेमा कोणत्याही भाषेचा असो. तो पैसा तीन वाटांनी जावा. एक वाटा पटकथांना, एक वाटा नाट्यगृहांतल्या खेळांना, एक वाटा शाळांना. स्वस्त तिकिटावर हात लावू नये.

कुणी म्हणेल, लोक येणार नाहीत. 2016 मध्ये 'सैराट'ला आले, 2023 मध्ये 'बाईपण भारी देवा'ला बायका घोळक्याने आल्या. माणसं येतात. त्यांच्या वेळेला, त्यांच्या खिशाला परवडेल असा सिनेमा लावावा लागतो. महापालिकेच्या अर्थसंकल्पात यासाठी एक ओळ घाला म्हणून आपापल्या नगरसेवकाला सांगा. आणि मराठी माणूस सिनेमा बघत नाही असं पुन्हा कुणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, 'गुरुवारी कुठे लागलाय?'