आपल्याच समाजाचा अभ्यास आणि परदेशी शिष्यवृत्ती

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीची २०२२-२३ सालासाठीची नियमावली जाहीर केली. ही योजना १९५४-५५ पासूनची. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर ह्यांच्या मुलामुलींना परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण व संशोधन करता यावे हा तिचा हेतू. त्या वर्षी सगळ्या देशासाठी जागा होत्या १२५. ह्या मोजक्या जागांसाठीही एक नवे कलम घातले गेले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास ह्या विषयांसाठी शिष्यवृत्ती मिळणार नाही. समर्थन असे दिले गेले की, ह्या विषयांची साधने आणि जाणकार देशातच मुबलक आहेत. मग परदेशी जाण्याचे प्रयोजन काय?

प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. पण तो कोणाला विचारला गेला हे पाहिले पाहिजे. ज्याच्या खिशात पैसा आहे तो आजही लंडनला जाऊन भारतीय समाजावर प्रबंध लिहू शकतो. त्याला कोणी अडवीत नाही. अडवले जाते ते भूमिहीनाच्या मुलाला. म्हणजे भारतीय समाजाविषयी जगाच्या व्यासपीठावर कोणी बोलायचे, ह्याची निवड ह्या कलमाने वर्गाच्या आणि जातीच्या आधारावर करून टाकली. कलम घालणाऱ्यांचा हेतू तसा असो वा नसो, परिणाम हाच आहे.

आपल्या इतिहासातले एक उदाहरण ह्या कसोटीवर लावून पाहू. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या वाढीचा अभ्यास केला. पुढे लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर केलेला अभ्यास १९२३ साली ग्रंथरूपाने आला. आणि ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. वित्ताचे विषय अर्थशास्त्राच्या सदरात कदाचित सुटले असते. जातीवरचा निबंध मात्र २०२२ च्या कलमात नेमका सापडला असता. बडोद्याच्या एका संस्थानिकाने जे बंधन घातले नाही ते प्रजासत्ताकाच्या सामाजिक न्याय खात्याने घालावे, ह्याला काय म्हणावे?

'साधने देशातच आहेत' हा मुद्दाही अर्धसत्य आहे. इंडिया ऑफिसचे प्रचंड दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. लंडनमधील प्राच्यविद्येची जी संस्था १९१६ साली स्थापन झाली, ती मुळात साम्राज्याचे अधिकारी तयार करण्यासाठीच. ज्याने आपल्यावर राज्य केले त्याने आपल्याविषयी काय लिहून ठेवले, हे पाहायला त्याच्या घरी जावे लागते. शिवाय अभ्यासाची साधने म्हणजे केवळ कागद नव्हेत. केनया, नायजेरिया, वेस्ट इंडीज, आयर्लंड येथल्या मुलांच्या शेजारी बसून आपला अनुभव त्यांच्या अनुभवाशी ताडून पाहणे हेही साधनच आहे, आणि ते आपल्याकडच्या महाविद्यालयांत मिळत नाही.

आज ज्याला वसाहतोत्तर साहित्याचा अभ्यास म्हणतात तो अशाच भेटींतून उभा राहिला. १९६४ साली लीड्स विद्यापीठात राष्ट्रकुल साहित्याची परिषद भरली. त्याच सुमारास केनयाचे न्गुगी वा थिओंगो तेथे विद्यार्थी होते. परत गेल्यावर, १९६८ साली, नैरोबी विद्यापीठातला इंग्रजी विभागच रद्द करावा आणि आफ्रिकी साहित्य मध्यभागी ठेवावे अशी मागणी त्यांनी सहकाऱ्यांसह केली, आणि पुढे ते आपल्या गिकुयू भाषेत लिहू लागले. आपल्याकडे भालचंद्र नेमाडे लंडनला शिकवून आले, आणि मांडला तो देशीवाद. गणेश देवी कोल्हापुरात व लीड्सला शिकले, बडोद्याला इंग्रजीचे प्राध्यापक झाले, आणि आयुष्य दिले ते आदिवासींच्या भाषांना. बाहेर गेलेला माणूस मातीला पारखा होतोच असे नाही. कित्येकदा तेथेच त्याला मातीची ओळख पटते.

आता आपल्या धाराशिव जिल्ह्याकडे पाहू. वसाहतवादाचे जे सिद्धांत जगभर शिकवले जातात ते बहुतांशी इंग्रजांच्या थेट अमलाखालील प्रांतांच्या, विशेषतः बंगालच्या अनुभवावर बेतलेले आहेत. आपला अनुभव निराळा आहे. येथे राज्य निजामाचे, त्याच्या डोक्यावर इंग्रज रेसिडेंट. कारभाराची भाषा उर्दू, लोकांची मराठी. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली आणि स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे शिकवले. मायबोलीतून शिकणे हाच तेव्हा राजकीय प्रश्न होता. नाणेही वेगळे. सोलापुरात कलदार आणि इकडे हाली. दोन्ही रुपयेच, पण मोल निराळे, आणि सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आपण १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळे झालो. शेवटच्या निजामाचे नाव धारण करणाऱ्या ह्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले. अशा मुलखात 'वसाहतकार' कोणाला म्हणायचे? इंग्रजाला, निजामाला, की गावगाड्यात पिढ्यान् पिढ्या वेठ घेणाऱ्या देशमुखी-पाटीलकीला? परदेशी विद्यापीठांतल्या पाठ्यपुस्तकात ह्याचे उत्तर नाही. ते लिहायचे तर ह्याच जिल्ह्याच्या मुलामुलींनी.

ह्यात अवघड पानेही आहेत. रझाकारांच्या अत्याचारांची आठवण आपण दरवर्षी जागवतो आणि जागवलीही पाहिजे. पण पोलीस कारवाईनंतर ज्या निरपराध मुसलमानांची हत्या झाली, त्यांचे काय? सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले त्यांत गुलबर्गा, बीदर व नांदेडबरोबर आपला उस्मानाबाद होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांत ह्या प्रसंगाची छाया किती आहे, आणि नसेल तर का नाही, हा साहित्याच्या अभ्यासाचाच प्रश्न आहे. गावात राहून तो विचारणे कठीण जाते. थोडे अंतर असले तर डोळे उघडे ठेवून विचारता येतो.

आणि हे सारे निव्वळ पुस्तकी आहे असेही कोणी समजू नये. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकालीन कागद वाचण्यासाठी उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. ज्या कागदांवर लाखो कुटुंबांचे भवितव्य ठरते ते वाचणारी माणसे आपण तयारच केली नाहीत. 'संस्कृतीच्या अभ्यासाने पोट भरते काय' असे विचारणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा.

मी अर्थशास्त्राचा माणूस आहे. ह्या विद्याशाखेची भाबडी वकिली मला करायची नाही. संस्कृतीची चर्चा करता करता जमीन, मजुरी आणि भांडवल विसरण्याची खोड तिला आहे. एजाज अहमद ह्यांनी १९९२ सालीच तिच्यावर हा आक्षेप घेतला होता. तिची परिभाषाही अनेकदा सामान्य वाचकाला दाराबाहेर उभी करते. पण ह्यावर उपाय त्या वर्गात आपली मुले न पाठवणे हा नव्हे. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ राहून शिकलेली कळंब-वाशीकडची मुलगी त्या वर्गात बसली, तर मजुरीचा प्रश्न आपोआप चर्चेत येईल.

खर्चाचे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. १९८० नंतर ब्रिटनने परदेशी विद्यार्थ्यांकडून पुरेपूर खर्चाइतके शुल्क घ्यायला सुरुवात केली, आणि उच्च शिक्षण हा त्या देशाचा निर्यात व्यापार होऊन बसला. दादाभाई नौरोजींनी १९०१ च्या ग्रंथात संपत्तीच्या ज्या ओघाचा हिशेब मांडला, त्याचीच ही नवी धाकटी शाखा. म्हणून पालकांना माझे सांगणे आहे की, साहित्याच्या एका वर्षाच्या पदवीसाठी जमीन गहाण टाकू नका. अवर्षणाच्या जिल्ह्यात जमीन हीच शेवटची पत असते, आणि ह्या पदवीने कर्ज फिटेलच ह्याची हमी कोणी देऊ शकत नाही. नेमके म्हणूनच हा भार सरकारने उचलला पाहिजे. ज्या ज्ञानाचा लाभ सर्व समाजाला होतो पण ज्याचा मोबदला बाजार देत नाही, त्याचा खर्च समाजाने करावा, हे अर्थशास्त्राचे जुने तत्त्व आहे.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. भारतीय समाज व संस्कृती वगळणारे कलम कोणत्याही वर्षीच्या नियमावलीत असू नये. विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात आणि तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत निवडक विद्यार्थ्यांना इंग्रजी लेखनाबरोबर उर्दू व मोडी शिकवण्याची सोय व्हावी. सरकारी पैशावर शिकून आलेल्या प्रत्येकाने आपल्या अभ्यासाचे सार मराठीत प्रसिद्ध करावे. आणि परत आलेल्याला तासिका तत्त्वावर राबवू नये. महाविद्यालयांतील रिक्त जागा भराव्यात. परतीची वाटच बंद ठेवायची आणि मग 'मुले परत येत नाहीत' म्हणून गळा काढायचा, हा दुटप्पीपणा आहे.

गोरोबाकाकांचे तेर एके काळी तगर म्हणून रोमन व्यापाऱ्यांना माहीत होते. येथला माल समुद्रापार जात होता, तेव्हा कोणी विचारले नाही की, घरचे सूत असताना बाहेर कशाला पाठवता. विचारांचेही तसेच आहे. आपल्या समाजाविषयी आपल्या मुलांनी जगात कोठेही जाऊन शिकावे आणि बोलावे, हा त्यांचा हक्क आहे. तो त्यांच्या बापाच्या उत्पन्नावर अवलंबून राहता कामा नये.