डिकोडिंग कोठे व्हावे? निर्णय कानाचा नव्हे, तारेचा

आजच्या धाग्यात गड नाही, तह नाही. दिवाणखान्यातला एक जुना वाद आहे. चित्रपटाचा ध्वनी डिस्कवर संकुचित, सांकेतिक रूपात असतो. तो उलगडण्याचे काम, म्हणजे डिकोडिंग, प्लेअरने करावे की रिसीव्हरने? हौशी मंडळी याला ध्वनीच्या दर्जाचा प्रश्न मानतात. माझ्या मते तो मुख्यतः तारेच्या इतिहासाचा प्रश्न आहे.

१९९५ साली लेझरडिस्कच्या रूपाने डॉल्बी डिजिटलचा ५.१ ध्वनी घरात आला. डिस्कवर त्याच्यासाठी वेगळी जागा नव्हती. म्हणून ॲनालॉग ध्वनीच्या उजव्या वाहिनीची जागा त्याला देण्यात आली आणि २.८८ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर स्वार होऊन तो प्लेअरबाहेर पडू लागला. त्याला लहरीवरून उतरवून घेण्यासाठी डिमॉड्युलेटर लागे. कधी तो रिसीव्हरमध्येच असे, कधी वेगळ्या पेटीत. पुढे डीव्हीडीने बाजार व्यापला आणि नव्या रिसीव्हरांवरून ती जोडणी नाहीशी झाली. आज प्लेअर उत्तम चालत असूनही संग्राहकाला ५.१ ध्वनीसाठी जुना डिमॉड्युलेटर शोधावा लागतो. मोडी दप्तर हाती आहे, पण वाचणारा नाही, अशी ही गत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दुखणे वेगळे समजावून सांगायला नको.

डीव्हीडीच्या काळात ऑप्टिकल तार होती आणि तिची मर्यादा कठोर होती. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटच्या सहा उघड्या वाहिन्यांना सेकंदाला सुमारे ४६ लाख बिट लागतात. ती तार बांधली गेली होती दोन वाहिन्यांसाठी, म्हणजे याच मापाने सुमारे १५ लाखांसाठी. डीव्हीडीवरील डॉल्बी डिजिटल मात्र ४ लाख ४८ हजारांच्या वर जात नसे. तेव्हा गाठोडे बांधलेलेच पाठवायचे आणि रिसीव्हरने सोडायचे, हीच रीत पडली. (काही प्लेअर ते स्वतः सोडून सहा ॲनालॉग तारांनी पाठवत, मागच्या बाजूचा तो गुंता ज्याने पाहिला, तो विसरणार नाही.) रिसीव्हरचे डिकोडिंग श्रेष्ठ, ही समजूत याच सवयीतून रुजली असावी.

२००६ मध्ये ब्लू-रे आली आणि पारडे फिरले. डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ही नवी गाठोडी ऑप्टिकल तारेत मावेनात. ती न सोडता नेण्याची सोय एचडीएमआयच्या १.३ या आवृत्तीत त्याच वर्षी झाली. त्याआधीच्या एचडीएमआयमधून उलगडलेला बहुवाहिनी पीसीएम मात्र जात असे. म्हणजे प्लेअरनेच डिकोडिंग केले, तर जुना रिसीव्हर पुरेसा होता. पहिला प्लेस्टेशन ३ नेमके हेच करी. तरीही पुढल्या पट्टीवर ‘ट्रूएचडी’ हे नाव उजळावे, एवढ्यासाठी नवे रिसीव्हर विकले गेले. हे संकेतन हानिरहित आहे; ते येथे सोडा वा तेथे, हाती येणारे बिट तेच. मेनूतले आवाज मूळ ध्वनीत मिसळायचे, तर प्लेअरला ते आधी सोडावेच लागते. या काळापुरता माझा कौल निःसंकोच प्लेअरला आहे.

घरगुती डॉल्बी ॲटमॉस २०१४ मध्ये आले आणि प्रश्नच बदलला. येथे आवाज केवळ वाहिन्यांत बसवलेला नसतो. काही ध्वनींसोबत ते अवकाशात कोठे आहेत याची नोंद असते. छतावर दोन स्पीकर आहेत की चार, हे रिसीव्हरला ठाऊक असते, प्लेअरला नाही. प्लेअरने साधा पीसीएम करून पाठवला, तर ती नोंदच गळून पडते. म्हणून ॲटमॉससाठी अखेरची मांडणी रिसीव्हरनेच करावी, असे माझे ठाम मत आहे.

पण ‘मांडणी’ आणि ‘डिकोडिंग’ ही दोन कामे आहेत, हे येथे उघड होते. २०१८ पासून ॲपल टीव्ही ४के ध्वनी स्वतः सोडतो आणि पीसीएमसोबत त्या नोंदी ‘मॅट’ नावाच्या वेष्टनात रिसीव्हरला देतो. उकल एकीकडे, मांडणी दुसरीकडे.

तेव्हा जुना एचडीएमआय रिसीव्हर भंगारात देण्यापूर्वी प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ऐवजी ‘पीसीएम’ निवडून पाहा. आणि घरी कोणाकडे लेझरडिस्क असतील, तर सोबतची ती अनोळखी पेटी आधी जपून ठेवा.