सकाळी नऊ ते दुपारी एक

लहान मूल पाण्यात बुडून दगावले की गावात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, त्याचे आयुष्यच तेवढे होते. दुसरी, आईचे लक्ष कुठे होते? या दोन्ही बोलण्यांनी पुढचे मूल काही वाचत नाही. मग ते कशाने वाचते, याचा शोध बांगलादेशात चिकाटीने घेतला गेला. तो आमच्या माता-भगिनींपर्यंत पोहोचावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

बांगलादेश हा नद्यांचा देश. पुरापासून बचाव व्हावा म्हणून घर उंचावर बांधतात. भरावासाठी जिथली माती खणली, तिथे पावसाचे पाणी साठून तळे होते. धुणे, भांडी, आंघोळ, मासे, सारे त्यावरच. २००३ साली देशभर अपघातांची घरोघर पाहणी झाली. वर्षाला सुमारे १७,००० मुले बुडून मरतात, म्हणजे रोज ४६, असा तिचा निष्कर्ष होता. गोवराला लस आहे, बुडण्याला कुठली?

संशोधकांनी साधे प्रश्न विचारले. मूल कुठे बुडाले? किती वाजता? त्या वेळी घरात कोण होते? उत्तरे डोळे उघडणारी होती. एक ते चार वर्षांची मुले बहुतेक घराजवळच्याच पाण्यात बुडत होती, आणि त्यातली बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात. तेव्हा बाप कामावर, थोरली भावंडे शाळेत आणि आई चूल, धुणे, गुरे यांत गुंतलेली. आई घरातच होती, पण दोन हातांना दहा कामे होती. आम्ही कारकुनी करणारी माणसे. ताळेबंद जुळला नाही तर कोणावर ठपका ठेवण्याआधी कोणत्या रकान्यात चूक आहे ते शोधावे लागते. इथे चूक आईत नव्हती, त्या चार तासांत होती.

म्हणून उपायही त्या चार तासांवरच केला. गावातल्याच एका बाईला शिकवून तयार केले, मदतीला दुसरी दिली. तिच्या घरी पाच वर्षांपर्यंतची वीस-पंचवीस मुले आठवड्यातून सहा दिवस, नऊ ते एक. तिथे गाणी, खेळ, थोडी अक्षरओळख. याला नाव दिले 'आंचल', म्हणजे आपला पदर. पदराखाली आलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. चार वर्षांवरील मुलांना गावच्या तळ्यातच बांबूचा मांडव बांधून पोहायला शिकवले, त्याचाही मोठा गुण आला. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांसाठी अशी पाळणाघरे काढण्याची शिफारस केली. २०२२ साली बांगलादेश सरकारने २ लाख मुलांसाठी ८,००० केंद्रांची योजना मंजूर केली.

आता आपल्याकडे पाहू. कठडा नसलेल्या विहिरी, शेततळी, पाण्याने भरलेले खाणींचे खड्डे, दारातला हौद. तान्ह्या मुलाला तर अर्धी बादलीही पुरते, आणि ते बुडताना ओरडत नाही. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचे व्हावे लागते. रांगणारे, दुडदुडणारे मूल घरीच राहते आणि मजुरीला जाणारी आई त्याला सात वर्षांच्या बहिणीवर सोपवते. त्या पोरीची शाळाही बुडते.

केंद्र सरकारच्या 'पाळणा' योजनेत २०२२ पासून अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद आहे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले तिथे राहू शकतात. महिला मंडळांनी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज करून ते मागावे. मिळेपर्यंत वस्तीतल्या पाच घरांनी पाळी लावावी, रोज एकीने फक्त मुले सांभाळावीत. हौदावर झाकण आणि विहिरीला कठडा यासाठी ग्रामसभेत ठराव करून घ्यावा.

भगिनींनो, ज्या आईचे मूल गेले तिला बोल लावू नका. तिच्या शेजारणीचे मूल उद्या नऊ ते एक कोणाकडे असेल, एवढे विचारा.