टोपीवाली बंदूक

विंटेज घड्याळं, जुने कॅमेरे, लॅम्ब्रेटा जमवणारे पुण्यात पैशाला पासरी. माझं वेड जरा हटके आहे, मंडळी! इंग्रजी टोपीच्या बंदुका.

टोपीची म्हणजे काय? घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा तिच्यावर आदळतो, आतली स्फोटक पूड फुटते आणि ठिणगी थेट नळीतल्या दारूत. आधीच्या गारगोटीच्या बंदुकीत बाहेर भडका उडायचा, मग बार. तेवढ्यात पक्षी पसार! अलेक्झांडर फॉरसाइथ हा स्कॉटिश पाद्री शिकारीत याच गोष्टीला वैतागला आणि १८०७ मध्ये त्यानं स्फोटक पुडीच्या युक्तीचं पेटंट घेतलं. टोपी नंतरची. (रविवारचं प्रवचन कसं व्हायचं, देव जाणे.)

अस्सल पीस हवा तर नळीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा शिक्का शोधा. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळीवर लाकडासारख्या रेघा दिसतात, काय देखण्या! नुसत्या नावावर मात्र भाळू नका. जोसेफ मँटनच्या नावाची नक्कल त्याच्या काळातही व्हायची.

आता खरी मेख. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ४५ ची सूट जुन्या बंदुकीला मिळते, पण दुरुस्त करूनही ती झाडता येणार नसेल तरच. बार उडू शकतो? मग १८४० ची असली तरी लायसन्स हवंच. त्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर तुम्हा-आम्हाला तीनऐवजी दोनच. दोन नगांचं कलेक्शन! परदेशातल्या भावाकडे पाठवावी, तर शंभरी उलटलेल्या वस्तूला १९७२ चा पुराणवस्तू कायदा आडवा येतो.

सदाशिव पेठेतल्या एका मित्राचा वाडा रीडेव्हलपमेंटला गेला, तेव्हा माळ्यावर पणजोबांची दुनळी निघाली. लायसन्स आजोबांबरोबरच संपलेलं. मित्र म्हणाला, "नळीला भोक पाड, वेल्डिंग मार आणि ने घरी." बऱ्याच जणांचा हाच फंडा. मला नाही पटत. दीडशे वर्षं टिकलेली वस्तू ड्रॉइंगरूमच्या भिंतीसाठी ठार मारायची? त्यापेक्षा बाजीराव रोडवरच्या केळकर संग्रहालयात जाऊन शस्त्रं बघेन.

असा ऐवज तुमच्याकडे निघाला तर चाप ओढून बघू नका, ठासणीच्या नळीत जुना बार राहिलेला असू शकतो. पोलिसांना कळवा, कागद शोधा, वकील गाठा. मित्राची दुनळी सध्या पोलीस ठाण्यात रीतसर जमा आहे. वारस म्हणून लायसन्सचा अर्ज त्याच्या आईनं केलाय. वय ७१.