दुरुस्ती निघाली, घरी पोहोचली का?

घरच्या कॉम्प्युटरवर या आठवड्यात एक काम कराच, आणि जमलं तर पुढचा परिच्छेद वाचण्याआधी करा. विनरार उघडा, वरच्या हेल्प मेनूत जा, ‘अबाउट विनरार’वर क्लिक करा आणि तिथला व्हर्जनचा आकडा वाचा. तो ७.१३ किंवा त्याच्या पुढचा असेल तर या एका बाबतीत तुम्ही निश्चिंत आहात. त्याच्या आधीचा, अगदी ६ किंवा ५ ने सुरू होणारा एखादा जुना आकडा दिसला, आणि माझ्या अंदाजाने बऱ्याच घरांत तसाच दिसेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

विनरार म्हणजे पट्ट्याने बांधलेल्या तीन रंगीत पुस्तकांचं चिन्ह. मोठ्या फाइली आवळून एका फाइलीत बांधायच्या आणि दुसऱ्याने पाठवलेलं असं गाठोडं सोडायचं, हे त्याचं काम. आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस विन्डोजबरोबर तो न विचारता टाकून देतो. चाळीस दिवसांची मुदत संपली की पैसे भरण्याची आठवण करणारी चौकट येऊ लागते, ती बंद केली की काम पुन्हा सुरू. त्यामुळे तो एकदा आला की वर्षानुवर्षं तसाच राहतो. जगभरात आपले पन्नास कोटी वापरकर्ते आहेत असं ती कंपनी सांगते. त्यांतले किती जण हेल्प मेनूत कधी गेले असतील?

झालं ते असं. १८ जुलै २०२५ रोजी स्लोव्हाकियातल्या इसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना एक विचित्र रार फाइल दिसली. युरोप आणि कॅनडातल्या कंपन्यांना नोकरीच्या अर्जाचे ईमेल येत होते आणि सोबत बायोडेटा म्हणून ही फाइल जोडलेली होती. कंपन्याही निवडक होत्या: वित्त, उत्पादन, संरक्षण, मालवाहतूक. विनरारमध्ये उघडून पाहिलं तर आत एकच साधा कागद दिसे. पण विन्डोजमध्ये एका फाइलीच्या पोटात दुसरी माहिती नजरेआड ठेवण्याची सोय आहे, आणि त्या सोयीचा वापर करून आणखी फाइली दडवलेल्या होत्या. प्रत्येकीवर ती कुठे ठेवायची याचा पत्ता लिहिलेला होता आणि विनरार तो पत्ता निमूट पाळत होता. तुम्ही सांगितलेल्या फोल्डरमध्ये गाठोडं सोडायचं ही त्याची मर्यादा, पण या फाइली त्या मर्यादेबाहेर पडत आणि त्यांतली एखादी थेट स्टार्टअप नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसे. कॉम्प्युटर सुरू करून आपण लॉगिन केलं की या फोल्डरमध्ये जे असेल ते विन्डोज आपणहून चालवतं. म्हणजे आज गाठोडं सोडलं, आतलं पान वाचलं, काहीच बिघडलं नाही. उद्या सकाळी कॉम्प्युटर लावला आणि परक्या माणसाचा प्रोग्रॅम आपल्या नावाने चालू झाला.

इसेटने २४ जुलैला विनरारच्या लोकांना कळवलं. त्यांनी त्याच दिवशी चाचणीची आवृत्ती काढली आणि ३० जुलैला पक्की दुरुस्ती, म्हणजे ७.१३, सगळ्यांसाठी खुली केली. इतकी तत्परता या धंद्यात नेहमी दिसत नाही, तिचं श्रेय त्यांना द्यायला हवं. ऑगस्टमध्ये इसेटने सगळा तपशील जाहीर केला. त्यांना दिसलेल्या लक्ष्यांपैकी कुणाचाही कॉम्प्युटर हल्लेखोरांच्या हाती लागला नव्हता.

मग घाबरायचं कशाला, असं कुणीही विचारेल. युरोपातल्या बड्या कंपन्यांवरचा हल्ला, तोही फसलेला. नाशिकच्या किंवा सांगलीच्या घरातल्या कॉम्प्युटरशी त्याचा संबंध काय?

संबंध इथून पुढे सुरू होतो, आणि हाच मुद्दा मला जीव तोडून सांगायचा आहे. प्रोग्रॅममधली अशी एखादी फट दोन-चार जणांनाच ठाऊक असते तेव्हा तिचं मोल फार असतं. ती ठाऊक असलेला माणूस ती मोठ्या शिकारीसाठी जपून वापरतो, तुमच्या-माझ्या घरावर उधळत नाही. पण दुरुस्ती बाहेर पडली की ती सगळ्यांच्याच हातात पडते, चोरांच्याही. जुना प्रोग्रॅम आणि नवा प्रोग्रॅम शेजारी ठेवून काय बदललं ते पाहिलं की फट नेमकी कुठे होती ते उघड होतं. तपशील छापून आल्यावर तर तेवढेही कष्ट उरत नाहीत. जी गोष्ट काल निवडक टोळ्यांच्या ताब्यात होती ती आज कुणालाही फुकट मिळते, आणि फुकट मिळालेलं हत्यार वाटेल त्याच्यावर चालवलं जातं. दुरुस्ती निघाल्याच्या दिवसापासून ती तुमच्या कॉम्प्युटरवर चढण्याच्या दिवसापर्यंतचा काळ घरच्या माणसासाठी सर्वांत धोक्याचा असतो. आपण मात्र बातमीत ‘त्रुटी दूर केली’ असं वाचतो आणि पान उलटतो.

विनरारच्याच बाबतीत हे आधी घडून गेलं आहे. एस नावाचा गाठोड्याचा एक जुना प्रकार विनरारला उघडता येत असे. तो उघडणारा तुकडा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला होता आणि वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. चेक पॉइंट या इस्रायली कंपनीच्या संशोधकांना त्यात फट सापडली. ती एकोणीस वर्षं तिथेच होती. विनरारच्या लोकांकडे त्या तुकड्याचा मूळ कोडच नव्हता, त्यामुळे दुरुस्त करता येईना, म्हणून त्यांनी तो प्रकारच काढून टाकला. जानेवारी २०१९ च्या शेवटी चाचणीची नवी आवृत्ती आली, २० फेब्रुवारीला चेक पॉइंटने तपशील जाहीर केला, आणि त्यानंतरच्या आठवड्याभरात मॅकॅफी कंपनीला ही फट वापरणारे शंभराहून जास्त प्रकार सापडले. त्यांतला एक तर आरियाना ग्रांडे या गायिकेच्या तेव्हाच्या नव्या अल्बमच्या नावाने फिरत होता. फुकट गाणी म्हणून पोरांनी ती फाइल उतरवून सोडली की गाणीही मिळत आणि सोबत एक फाइल गुपचूप जाऊन बसे, त्याच स्टार्टअप फोल्डरमध्ये. बड्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी लावलेलं हे जाळं नव्हतं. घरी बसून गाणी शोधणाऱ्या मुलांसाठी ते लावलेलं होतं.

२०२३ मध्येही तेच. विनरारची आणखी एक फट शेअर बाजारात सट्टा करणाऱ्यांविरुद्ध वापरली जात होती. ऑगस्टमध्ये दुरुस्ती निघाली. ऑक्टोबरमध्ये गूगलच्या संशोधकांनी सांगितलं, की रशिया आणि चीनच्या सरकारी पाठबळावर चालणाऱ्या टोळ्या तीच फट अजून वापरताहेत. दुरुस्ती होऊन दोन महिने उलटल्यावर! ज्यांना असंख्य वाटा मोकळ्या असतात त्यांनीही बुजवलेली वाट निवडली, कारण ती लोकांच्या कॉम्प्युटरवर बुजलेलीच नव्हती.

वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम आठवत असेल. १२ मे २०१७ ला तो जगभर पसरला, इंग्लंडमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले, फाइली कुलूपबंद करून पडद्यावर तीनशे डॉलरची खंडणी मागितली जाई. तो विन्डोजच्या ज्या फटीतून पसरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. मधे एकोणसाठ दिवस होते. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या आला. तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटला, पण आत शिरल्यावर पसरताना त्याने जे मार्ग वापरले त्यांत हीच फट होती. आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज त्याने कोलमडवलं. मार्चमधल्या एका दुरुस्तीचा विषय जून संपेपर्यंत उरणच्या किनाऱ्याला येऊन भिडला होता.

आता विनरारची खरी अडचण. विन्डोज दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या दुरुस्त्या काढतं आणि त्या आपोआप येतात. क्रोम गुपचूप स्वतःला नवं करून घेतो. फक्त तो अधूनमधून पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो, आणि चाळीस टॅब उघडे ठेवणारी माणसं नेमकं तेच टाळतात. विनरार मात्र स्वतःहून काहीच आणत नाही. नवी आवृत्ती त्याच्या साइटवरून आपण उतरवायची, आपण चढवायची. ऑफिसात हे बघायला एक माणूस पगारावर असतो. घरी कुणीच नसतं. मुलगा म्हणतो कॉम्प्युटर बाबांचा, बाबा म्हणतात त्यातलं मुलाला कळतं, आणि जोडून देणारा माणूस तर पैसे घेऊन केव्हाच गेलेला असतो. जाताना त्याने ‘स्लो होतो म्हणून’ विन्डोजचं अपडेटही बंद करून ठेवलेलं असतं. हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिला आहे, की ओळखीतल्या कुणाच्याही कॉम्प्युटरसमोर बसलो की पहिल्यांदा सेटिंग्जमधलं अपडेटचं पान उघडतो. ते बंद दिसलं तर चालू करा. तो वेग तुम्हाला परवडणारा नाही.

त्या कॉम्प्युटरवर काय काय असतं याचा विचार करा. जातीच्या दाखल्याचं स्कॅन, सातबारा, आयकराची विवरणपत्रं, आजोबांच्या जुन्या फोटोंचं एका काकाने महिनाभर बसून केलेलं स्कॅनिंग, सोसायटीचा जमाखर्च, एखाद्या ताईंचा अर्धा झालेला पीएचडीचा प्रबंध. हे गेलं तर बाजारातून पुन्हा आणता येत नाही. खंडणी भरली तरी परत मिळेलच याची हमी कुणी देत नाही.

नवं विनरार घेताना गूगलवर शोधून पहिल्या दिसेल त्या दुव्यावर जाऊ नका. वरच्या जाहिरातींत खोट्या साइट असू शकतात. पत्ता हाताने टाइप करा: विन, आडवी रेघ, रार, डॉट कॉम. जुनं काढायची गरज नाही, नवं त्याच्यावरच चढतं. विन्डोज ११ असेल तर रार फाइल त्याला स्वतःलाच उघडता येते, तेव्हा गाठोडी सोडण्यापुरतंच काम असेल तर विनरार काढूनच टाका. मी तरी तसंच सुचवेन, कारण जो प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर नाही त्याची फट बुजवावी लागत नाही. मोबाइलवरच्या विनरारला ही फट नव्हती. जुलै २०२५ पासून अनोळखी रार फाइल उघडल्याची शंका असेल तर टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी बघा, अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा, आणि यादीत न ओळखता येणारं काही दिसलं तर बँकेचे पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून न बदलता दुसऱ्या यंत्रावरून बदला.

हे मनावर घ्यायला एक आपलं कारणही आहे. गणपतीच्या आधीचे दिवस घ्या. मंडळांची बॅनरं, पावतीपुस्तकं, अहवालाची पानं, आरतीसंग्रह, सगळं या दिवसांत कोरलड्रॉच्या फाइलींतून इकडून तिकडे जातं, आणि फॉन्ट सोबत जावेत म्हणून त्याचं गाठोडं बांधलं जातं. कार्यकर्ता ते घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून बघतो, दुरुस्त करतो, छपाईवाल्याला पुढे पाठवतो. या साखळीत एक फाइल भलतीच असली तर कुणाच्या लक्षात येणार? फाइल ओळखीच्या माणसाकडून आली एवढ्यावर भागत नाही, कारण त्यालाही ती कुठूनतरी आलेली असते. साखळीतल्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ७.१३ असलं की ही फट तिथे मिटली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज एवढा एक निरोप टाका.

विन्डोज १० वाल्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं बंद झालं आहे. कॉम्प्युटर सुरू राहतो, कामही करतो, आणि म्हणूनच कुणाला काही जाणवत नाही. जुन्या यंत्रांवर विन्डोज ११ चढत नाही. साधारण आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर त्याला चालत नाहीत. अशांसाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, दुरुस्त्या देण्याची सोय केली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून विन्डोज बॅकअप चालू केलं तर त्यासाठी पैसे पडत नाहीत. मात्र नाव आपण नोंदवायचं असतं; तो पर्याय अपडेटच्याच पानावर दिला आहे.

राहता राहिली डीटीपीची दुकानं आणि घरी बसून अक्षरजुळणी करणाऱ्या बायका. त्यांच्याकडे विन्डोज ७ वर जुनी श्रीलिपी, जुना पेजमेकर आहे, त्यावर पोट चालतं, आणि नव्या विन्डोजवर ते सगळं नीट चालेल याची खात्री नाही. ‘बदला’ म्हणणं सोपं आहे, मी ते म्हणणार नाही. पण त्या यंत्राची इंटरनेटची वायर काढा. ईमेल आणि व्हॉट्सॲप दुसऱ्या, अद्ययावत कॉम्प्युटरवर उघडा, गाठोडी तिथेच सोडा, तपासा आणि आतली हवी ती फाइलच पेनड्राइव्हवरून जुन्या यंत्रावर न्या. झालेल्या कामाची प्रत रोज एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि प्रत घेऊन झाली की ती डिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलीही खंडणीवाले त्याच झपाट्यात कुलूपबंद करतात.