इल्म पडद्यावर, हुन्नर हातात

मुलगा डॉक्टर व्हावा, मुलगी नर्स किंवा फार्मासिस्ट व्हावी म्हणून आपल्यापैकी कितीतरी जण दुकानाचा गल्ला आणि मागाची कमाई फीमध्ये ओततात. "घरबसल्या ऑनलाइन कोर्स" अशी जाहिरात दिसली, की हॉस्टेलचा खर्च वाचेल म्हणून मन ओढले जाते. आम्ही या प्रश्नाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहतो : पैसे देऊन पदरात काय पडते?

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॉलेजे बंद झाली आणि वर्गातले व्याख्यान बहुतेक ठिकाणी जसेच्या तसे मोबाईलवर आले. तासभराचे भाषण पडद्यावर कोण ऐकणार? ऑनलाइन शिकवायचे तर धडा नव्याने कापून शिवावा लागतो. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यानंतर प्रश्न विचारावेत, एखाद्या रुग्णाची हकीकत देऊन उपाय ठरवायला लावावा. औषधांचे गुणधर्म, आहारशास्त्र यांसारखे विषय असे घरीही शिकता येतात. वर्गातला वाचलेला वेळ प्रात्यक्षिकाला द्यावा. एवढे झाले तर ऑनलाइन शिक्षण ही सोयच आहे, आमचा तिला विरोध नाही.

पण शीर शोधून सुई टोचणे, जखम बांधणे, घाबरलेल्या रुग्णाला धीर देणे हे पडद्यावर येत नाही. शिलाई असो की जरीकाम, उस्तादाशेजारी बसल्याशिवाय शागीर्द कारागीर होत नाही, हे आम्हां हुन्नरवाल्यांना कोणी सांगायला नको.

याची किंमत अनेक घरांनी मोजली आहे. कोविड आणि युद्धामुळे चीन, युक्रेनमधून परतलेल्या शेवटच्या वर्षाच्या ज्या मुलांना जून २०२२ अखेर पदवी मिळाली, त्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने परीक्षेला बसू दिले. मात्र इंटर्नशिप एक वर्षाऐवजी दोन वर्षांची केली. कारण दवाखान्यातला सराव बुडाला होता. पुढे २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र, पोषणशास्त्र यांसह आरोग्यसेवेचे अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली.

म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कोर्सला संबंधित परिषदेची मान्यता आहे काय? सराव कोणत्या रुग्णालयात, किती तास? हाताच्या कामाची परीक्षा समोर बसवून घेतात काय? उत्तर लेखी घ्यावे. कापड आपण बोटांनी चाचपून घेतो. मग मुलांचे शिक्षण नुसत्या जाहिरातीवर का घ्यावे? उद्या त्यांच्या हाती रुग्णाचा जीव अमानत म्हणून येणार आहे.